नगरपरिषदेचं उद्यान: जागा, निधी, झाडं, खेळणी आणि देखभाल याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रातल्या नगरपंचायती आणि ‘ब’ व ‘क’ वर्ग नगरपरिषदांच्या गावांसाठी आहे. अशा गावांत उद्यान म्हणजे बहुधा अर्ध्या ते एक एकराची जागा असते. ते बांधायला एक वर्ष पुरतं, टिकवायला मात्र रोज माणूस आणि पाणी लागतं. म्हणून इथे देखभालीचा विषय जवळपास प्रत्येक उत्तरात येतो.

उद्यान करून देणं नगरपरिषदेवर बंधनकारक आहे का?

राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं हा विषय नागरी संस्थांकडे दिलेला आहे. पण महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मध्ये उद्यानांचा समावेश ऐच्छिक कर्तव्यांत आहे. रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई आणि पाणीपुरवठा आधी येतात. त्यामुळे ‘कायद्याने द्यावंच लागेल’ असा अर्ज फार पुढे जात नाही. जागेचं आरक्षण, निधीचा स्रोत आणि देखभालीची सोय या तिन्ही गोष्टी अर्जात असल्या की काम पुढे सरकतं.

आमच्या भागात उद्यानासाठी जागा आहे की नाही, हे कसं शोधायचं?

दोन ठिकाणी बघा. पहिली विकास योजना, म्हणजे डीपी: गावातली कोणती जमीन कशासाठी राखायची हे ठरवणारा आराखडा. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात मंजूर नकाशा बघायला मिळतो आणि गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर दिला की भाग नकाशाची प्रत काढता येते. त्यावर ‘उद्यान’, ‘क्रीडांगण’ अशी आरक्षणं क्रमांकासह दाखवलेली असतात. दुसरी म्हणजे मंजूर ले-आउटमधली, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या नकाशातली, खुली जागा, जिला सगळे ‘ओपन स्पेस’च म्हणतात. 4,000 चौ. मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट पाडताना साधारण 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. गावातली बरीच छोटी उद्यानं या दुसऱ्या प्रकारच्या जागेवर झालेली आहेत.

आरक्षणाच्या बाबतीत घड्याळ चालू असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत नगरपरिषदेने संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचं धरलं जातं आणि जागा मालकाला मोकळी होते. लहान नगरपरिषदेकडे भूसंपादनाचे पैसे नसतात आणि नोटीस फायलीत पडून राहते, त्यामुळे गावाची हक्काची मोकळी जागा अशीच निसटते. तुमच्या प्रभागातल्या आरक्षणावर अशी नोटीस आली आहे का, हे विचारण्यात दिरंगाई करू नका.

ओपन स्पेसची अडचण वेगळी आहे. नकाशावर ती मोकळी असते, पण सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव असतं. कधी शेजाऱ्याचं कुंपण दोन मीटर आत आलेलं असतं. म्हणून कामाआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून खुणेचे दगड पक्के बसवून घ्या. मोजणी न करता बांधलेली संरक्षक भिंत वादात सापडते आणि सगळं काम थांबतं.

ओपन स्पेसवर सभामंडप किंवा समाजमंदिर बांधता येतं का?

बांधकाम नियमावलीत मोकळ्या जागेच्या छोट्या हिश्श्यावर मर्यादित बांधकामाला वाव आहे, तेही रहिवाशांच्या वापराच्या सोयींसाठी. अर्धी जागा स्लॅबखाली घालणारा प्रस्ताव आला, तर मंजूर ले-आउटची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या. हरकत पाया खोदण्याआधी दिली तर तिचा उपयोग होतो.

मागणी कशी करायची, आणि केव्हा?

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. प्रत नगराध्यक्षांना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना द्या. सभागृह अस्तित्वात नसेल आणि प्रशासक असतील, तर अर्ज त्यांच्याकडे. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नगरपरिषदेचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यातच होते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दिलेली मागणी अंदाजपत्रकात शिरू शकते. मार्चमध्ये दिलेली मागणी वर्षभर मागे पडते.

अर्ज एका पानाचा असावा: जागेचा सर्व्हे नंबर व क्षेत्रफळ, आसपासची घरं, जवळची शाळा किंवा अंगणवाडी, पाण्याचा स्रोत, आणि हव्या असलेल्या सोयींची छोटी यादी. सोबत जागेचे चार बाजूंचे फोटो आणि रहिवाशांच्या सह्या. ‘अत्याधुनिक उद्यान’ असं लिहिण्यापेक्षा ‘160 मीटरचा चालण्याचा मार्ग, 3 ते 12 वयाच्या मुलांची खेळणी, सावलीत बसायला कट्टे, एक शौचालय’ असं लिहिलंत, तर अभियंत्याला त्यावरून अंदाजपत्रक करता येतं.

पैसा कुठून येतो?

एकाच खिशातून क्वचितच येतो. नगरपरिषदेचा स्वनिधी म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर, आणि तो बहुतेक पगार, वीज आणि पाणी यांतच जातो. बांधकामासाठी जिल्हा नियोजन समितीकडचा नगरोत्थान निधी, नगरपरिषदांसाठीचं वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, आमदार व खासदार स्थानिक विकास निधी हे नेहमीचे मार्ग आहेत. केंद्राच्या अमृत 2.0 या शहरांसाठीच्या पाणी योजनेत तळी-जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनासोबत हरितक्षेत्रांचीही तरतूद आहे. म्हणून गावात तळं असेल, तर तळ्याकाठचं उद्यान हा प्रस्ताव जास्त ताकदीचा ठरतो. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात, जे 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं, भूमी या घटकाखाली वृक्षलागवड व हरित जागांना गुण मिळतात.

वित्त आयोगाच्या, म्हणजे त्याच्या शिफारशीने केंद्राकडून मिळणाऱ्या, पैशाबद्दल गैरसमज फार आहे. 15 व्या वित्त आयोगाच्या काळात लहान शहरांच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला, म्हणजे बंधित होता. तो खेळण्यांवर खर्च करता येत नव्हता. पण त्यातल्या पाण्याच्या हिश्श्यात पर्जन्यजलसंधारण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर बसत होता. अशा बंधित निधीचा विचार करताना उद्यानाच्या पाण्याचं काम वेगळं काढून तिथे मांडा.

हे बहुतेक मार्ग बांधकामाचे आहेत. माळी, वीज बिल आणि दुरुस्ती यांचा खर्च शेवटी स्वनिधीवरच येतो. म्हणून प्रस्तावासोबतच ‘वार्षिक देखभाल’ हे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, अंदाजपत्रकात उघडून घ्या. हे शीर्ष नसेल, तर दुसऱ्या वर्षी तुटलेल्या झोपाळ्याची साखळी बदलायलाही पैसा मिळत नाही.

अर्ध्या एकरात नेमकं काय बसतं?

अर्धा एकर म्हणजे 20 गुंठे, साधारण 2,020 चौ. मीटर, म्हणजे 45 मीटर बाय 45 मीटर धरा. त्यात ही वाटणी चांगली चालते:

- हद्दीच्या आतून फिरणारा 160 मीटरचा, 1.8 मीटर रुंद मार्ग: सुमारे 290 चौ. मीटर
- खेळण्यांची जागा: 250 चौ. मीटर
- मोठ्या झाडाभोवती किंवा शेडखाली बसण्याची जागा: 150 चौ. मीटर
- हिरवळ: जास्तीत जास्त 300 चौ. मीटर
- शौचालय, अवजारांची खोली, पाण्याची टाकी: 40 चौ. मीटर
- उरलेल्या सुमारे हजार चौ. मीटरवर झाडं आणि झुडपं

फाटक रस्त्याकडून दिसणाऱ्या बाजूला हवं. कुंपण 1.5 मीटर उंच जाळीचं पुरे. आतलं काहीच दिसत नाही अशी उंच भिंत बांधली, की संध्याकाळनंतर बाया-मुली तिकडे फिरकत नाहीत आणि जागा दारू पिणाऱ्यांच्या ताब्यात जाते. खेळण्यांची जागा कट्ट्यांवरून थेट दिसली पाहिजे, कारण आजी-आजोबा बसणार तिथेच नातवंडं खेळणार.

अर्ध्या एकरात टॉय ट्रेन, कारंजं, ॲम्फीथिएटर, सेल्फी पॉइंट आणि पुतळा असं सगळं कोंबलं, तर चालायला आणि पळायला जागाच उरत नाही. अशी यादी समोर आली तर तीन गोष्टी काढायला लावा.

हिरवळ कमी ठेवा असं का म्हणता? हिरवळीशिवाय बाग कसली?

पाण्यामुळे. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौ. मीटरला रोज साधारण 5 लिटर पाणी लागतं. 300 चौ. मीटरला 1,500 लिटर झाले. अर्ध्या एकरातली 1,600 चौ. मीटर जागा हिरवळीखाली घातली, तर रोजचे 8,000 लिटर. ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथे बागेला रोज दीड टँकर कोणी घालू देणार नाही, आणि द्यायलाही नको. मग मार्चमध्ये हिरवळ पिवळी पडते आणि मेमध्ये धूळ उडते.

वरच्या वाटणीत रोजचा हिशोब असा येतो: हिरवळ 1,500 लिटर, 35 झाडांना आठवड्यातून दोनदा 30 लिटर म्हणजे दिवसाला सरासरी 300, झुडपं आणि कुंपणाची वेल 500, शौचालय व पिण्याचं पाणी 1,000. म्हणजे 3,300 लिटरच्या आसपास. एवढं पाणी एक बरी बोअरवेल देऊ शकते. हिरवळीला विकतच्या कार्पेट गवतापेक्षा आपली हरळी जास्त तग धरते, तुडवलेली सोसते आणि पावसात पुन्हा उभी राहते.

ठिबक फक्त झाडांना आणि झुडपांना. नळी उघडी ठेवली तर उंदीर-घुशी कुरतडतात आणि मुलं उपटतात, म्हणून मुख्य नळी 30 सें.मी. खोल गाडा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. ठिबक ‘बंद पडलं’ असं ज्याला म्हणतात, ते बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला असतो.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचं असेल, तर ते ठिबकनेच द्या. मुलं जिथे लोळतात त्या हिरवळीवर ते फवारू नका.

कोणती झाडं लावावीत?

सावलीसाठी कडुनिंब, करंज, बकुळ. फुलांसाठी बहावा, ताम्हण, पळस, कांचन, पारिजातक. ताम्हण हे राज्यफूल आहे, त्याचं एक झाड फाटकाजवळ असावं, पण त्याला पाणी जास्त लागतं हे लक्षात ठेवा. पक्ष्यांसाठी एक उंबर किंवा वड कोपऱ्यात, भिंत आणि पाइपलाइन यांपासून किमान 10 मीटर दूर. एवढी जागा नसेल तर वड-पिंपळ लावू नका, पाच-सात वर्षांनी मुळं भिंत उचलतात.

काही झाडं टाळावीत, आणि यात चर्चेला फारशी जागा नाही. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) यांचे सर्व भाग विषारी असतात, बिट्टीच्या बिया मुलं खेळायला उचलतात. ती मुलांच्या बागेत नकोतच. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून ठेकेदारांना आवडतो, पण त्याची मुळं पाइपात आणि गटारात शिरतात. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, म्हणून तो झोपाळ्याजवळ आणि बाकांवर नको. कोकणात नारळाखाली बाक ठेवू नका.

दरवर्षी वृक्षारोपण होतं आणि झाडं मात्र दिसत नाहीत. नेमकं कुठे चुकतं?

बहुतेक वेळा पाच ठिकाणी.

पहिली चूक खड्ड्यात. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत फूटभर खड्डा म्हणजे कुंडीच, मुळं बाहेर जातच नाहीत. मे महिन्यात 60 सें.मी. लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, कठीण जमिनीत 90 सें.मी. महिनाभर ऊन खाऊ द्या. भरताना चांगली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. ताजं शेण घातलं तर हुमणी ही मुळं खाणारी अळी लागते आणि मुळं भाजतात.

दुसरी रोपात. वीतभर रोप गवतात हरवतं. किमान दीड मीटर उंचीचं, अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप घ्या. प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा, आणि पिशवीत गोल फिरलेली मुळं कापून टाका. ती तशीच राहिली तर झाड चार-पाच वर्षांनी वाऱ्याने अख्खं उपटतं.

तिसरी वेळेत. पहिला दमदार पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै, हा काळ योग्य. 15 ऑगस्टला समारंभपूर्वक लावलेल्या झाडाला पावसाचा अर्धा हंगामच मिळतो.

चौथी, पाण्यात. पहिले तीन उन्हाळे पाणी लागतंच. आळं खोडाला चिकटून नको, खोडापासून दोन वीत दूर गोल करा आणि पालापाचोळ्याने झाका.

पाचवी चूक कोणाच्या लक्षात येत नाही. गवत कापण्याच्या मशीनची दोरी खोडाच्या तळाशी लागते, साल गोल सोलली जाते आणि झाड दोन महिन्यांत वाळतं. लोक कीड लागली म्हणतात. खोडाभोवती अर्धा मीटर गवत हाताने काढा, किंवा तिथे पाचोळ्याचं आच्छादन ठेवा. तसंच लोखंडी ट्री गार्ड तिसऱ्या वर्षी सोडवा, नाहीतर तो खोडात रुततो.

पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांतच खालीवर का होतात?

खालच्या काळ्या मातीमुळे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसून भेगा पाडते, वरचा ब्लॉक तिच्याबरोबर हलतो. उपाय म्हणजे निदान 30 सें.मी. काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून थराथराने रोलर फिरवायचा, वर 15 सें.मी. खडीचा थर, मग 3 ते 4 सें.मी. वाळू आणि त्यावर ब्लॉक. चालण्यासाठी 60 मि.मी. जाडीचा ब्लॉक पुरतो. टँकर किंवा ट्रॅक्टर आत येणार असेल, तर त्या भागात 80 मि.मी. दोन्ही कडांना काँक्रीटची किनार नसेल, तर ब्लॉक बाहेर सरकत जातात.

झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवू नका. चारही बाजूंनी किमान 1 मीटर माती उघडी ठेवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर गुळगुळीत फरशी पावसाळ्यात शेवाळाने निसरडी होते, तिथे खरखरीत पृष्ठभागच हवा.

खेळण्यांमध्ये काय तपासावं?

पडल्यावर काय होईल, हे आधी. झोपाळा, घसरगुंडी, चढण्याची शिडी यांखाली आणि भोवती 1.8 मीटरपर्यंत काँक्रीट, पेव्हर किंवा दगड नसावा. लहान गावाला परवडणारा उपाय म्हणजे 30 सें.मी. धुतलेल्या वाळूचा थर. तो दर दोन महिन्यांनी खालीवर करावा लागतो, कारण पावसानंतर वाळू दगडासारखी घट्ट बसते आणि मांजरं-कुत्री घाण करतात. रबर मॅट दिसायला छान, पण उन्हाने कडा उचलतात आणि मुलं अडखळतात.

दांड्यांमधली फट 9 ते 23 सें.मी. या दरम्यान नसावी. एवढ्या फटीत मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं. पत्र्याची घसरगुंडी एप्रिलमध्ये चटके देते, म्हणून तिचं तोंड उत्तरेकडे ठेवा, शक्यतो झाडाच्या सावलीत. फायबरची असेल तर दरवर्षी हात फिरवून बघा, तडा गेलेल्या फायबरचे तंतू कातडीत शिरतात.

झोपाळा आधी वरच्या कडीपाशी झिजतो. कडी मूळ जाडीच्या दोन तृतीयांशावर आली की बदला. महिन्याला एकदा नट-बोल्ट आवळणं, बेअरिंगला ग्रीस आणि वेल्डिंगचे सांधे बघणं, हे एका माणसाचं दोन तासांचं काम आहे. त्याची तारीखवार वही उद्यानातच ठेवा. मोडलेलं खेळणं दुरुस्त होईपर्यंत दोरीने बांधून ठेवणं पुरेसं नाही, ते काढून खोलीत ठेवा.

ओपन जिम हवी का?

चार-पाच साधनं पुरेत. ज्यांत बेअरिंग कमी ती जास्त टिकतात. ती मुलांच्या खेळण्यांपासून दूर ठेवा, फिरत्या दांड्यात लहान बोटं चिरडतात.

कारंजं?

नको. पंप बिघडतो, पाणी साचतं आणि आठवडा-दहा दिवसांत डासांची नवी पिढी बाहेर पडते. तेच पैसे शौचालयाच्या टाकीवर घाला.

संध्याकाळी महिला आणि मुली येत नाहीत. काय बदलावं?

आधी शौचालय. कुलूप लावलेलं शौचालय म्हणजे नसल्यासारखंच. ते बंद राहतं ते सफाईला माणूस किंवा टाकीत पाणी नसल्यामुळे. 1,000 लिटरची स्वतंत्र टाकी, आतून कडी, दिवा, आणि दिवसातून दोनदा सफाईची जबाबदारी नावानिशी ठरलेली, एवढं हवं.

मग उजेड. 4 मीटर उंचीच्या खांबांवरचे एलईडी दिवे, 12 ते 15 मीटर अंतराने. एकच उंच हायमास्ट लावला तर झाडांखाली गडद सावल्या पडतात. सौर दिव्यांची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तिचा खर्च आधीच धरा. लोखंडी खांबांना अर्थिंग आणि पेटीत ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल, तर पावसाळ्यात शॉकचा धोका असतो. जंक्शन बॉक्स मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर आणि झाकण बंद असलेला हवा.

व्हीलचेअर आणि काठी घेऊन येणाऱ्यांसाठी काय करावं?

फाटकात किमान 90 सें.मी. मोकळी वाट हवी. दुचाक्या अडवण्यासाठी लावलेलं फिरतं चक्र व्हीलचेअरही अडवतं. रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे 15 सें.मी. चढण्यासाठी 1.8 मीटर लांबी. दर 40-50 मीटरला पाठ टेकता येईल आणि हाताला आधार मिळेल असा बाक. पाठ नसलेल्या कट्ट्यावरून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखीव असतो. रॅम्प, रेलिंग आणि सुलभ शौचालयाची मागणी करताना त्याचा उल्लेख करा.

काम चालू असताना नागरिकांनी काय मोजावं?

कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) आणि अंदाजपत्रकाची प्रत घ्या. कामाच्या ठिकाणी ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि मुदत यांचा फलक हवा. मग ज्या गोष्टी नंतर जमिनीखाली जातात, त्या आधी मोजा.

समजा अंदाजपत्रकात 300 चौ. मीटरवर 30 सें.मी. बागेची माती आहे. ती 90 घनमीटर होते. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे सुमारे 32 ब्रास. अडीच ब्रासच्या डंपरने 13 फेऱ्या झाल्या पाहिजेत. पाचच झाल्या असतील, तर त्याच दिवशी अभियंत्यांना लेखी कळवा. मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिण्याच्या वहीत, नोंद होऊन बिल निघालं, की खालची माती कोणी उकरून बघत नाही.

निविदेतच किमान तीन वर्षांची देखभाल ठेकेदारावर टाकून घ्या, आणि जिवंत झाडांच्या टक्केवारीशी तिचं पेमेंट बांधा. हे निविदा निघण्याआधीच सांगावं लागतं.

त्यानंतर देखभाल कोणी करावी?

अर्ध्या एकराला एक पूर्णवेळ माळी-कम-रखवालदार आणि सफाईला अर्धवेळ माणूस लागतो. महिला बचत गटाला वार्षिक करार देण्याची पद्धत चांगली चालते. अमृत 2.0 मधल्या ‘अमृत मित्र’ उपक्रमात हेच धोरण आहे. करारात कामांची यादी, हजेरी, अवजारं कोणी द्यायची आणि पैसे दरमहा कोणत्या तारखेला मिळतील हे लिहा. चार-चार महिने पैसे थकले की गट सोडून जातो, आणि दोष मात्र गटालाच दिला जातो.

ज्येष्ठ नागरिक संघ किंवा तरुण मंडळ लक्ष ठेवू शकतं, झाडं दत्तक घेऊ शकतं. रोजची झाडलोट त्यांच्यावर टाकू नका. उत्साह पहिल्या पावसाळ्यापुरता असतो.

लग्न, मंडप, गणेशोत्सव यांना जागा द्यावी का?

क्रीडांगण देता येईल, उद्यान नको. मंडपाचे खड्डे ठिबकच्या नळ्या फोडतात आणि मांडवाखाली हिरवळ आठवडाभरात मरते. क्रीडांगण देताना अनामत रक्कम घ्या आणि खड्डे बुजवून झाल्यावरच परत करा. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. शाळा आणि दवाखान्यांभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असतं.

भटक्या कुत्र्यांचं काय?

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठरवायची असते. ती लेखी ठरवून घ्या. कचरापेटीला झाकण आणि फाटकाखालची फट बंद, यानेही बराच फरक पडतो.

जुन्या कचरा डेपोवर उद्यान करता येतं का?

करता येतं, पण आधी साठलेल्या कचऱ्याची चाळणी व विल्हेवाट लावूनच. कचऱ्यावर नुसती माती ओढली तर जमीन खचत राहते, आतला वायू मुळं मारतो, आणि तिथल्या बोअरचं पाणी वापरता येत नाही. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने आधी घराघरांत कचरा वेगळा करायला लावला आणि मग कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी केली. क्रम तोच ठेवावा लागतो.

पालापाचोळा जाळला तर चालतं का?

नाही, उघड्यावर जाळायला मनाई आहे. एक मीटर व्यासाचं जाळीचं पिंजरं करा, फूटभर पाला, वर शेणकाला, असे थर द्या आणि दर तीन आठवड्यांनी उलटवा. ओल टिकली तर चार महिन्यांत खत मिळतं. सुकलं की काम थांबतं, म्हणून पिंजरं सावलीत ठेवा.

उद्यानातलं झाड तोडायला कोणाची परवानगी लागते?

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली वृक्ष प्राधिकरणाची. नगरपरिषदेच्या स्वतःच्या उद्यानातही ती लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं आणि त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. झाड तोडण्याचा प्रस्ताव दिसला तर हरकत मुदतीत द्या.

तक्रार करूनही काही होत नसेल तर?

आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘उद्यानाची सर्व माहिती द्या’ असं मागू नका. ‘गेल्या दोन आर्थिक वर्षांत अमुक उद्यानाच्या देखभालीची देयके, करारनामा आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती’ असं मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. देयकं हातात आली, की न झालेल्या कामाचं बोलणं सोपं होतं.

आमचं उद्यान बंद पडलं आहे. सुरुवात कुठून करावी?

पाण्यापासून. बोअर, मोटार आणि टाकी आधी चालू करून घ्या. त्याच आठवड्यात धोकादायक खेळणी आणि उघड्या वायरी काढा. मग फाटकाची वेळ ठरवा, उदाहरणार्थ सकाळी 5.30 ते 9 आणि दुपारी 4 ते रात्री 9, आणि किल्ली कोणाकडे हे फलकावर लिहा. तिसरं शौचालय, चौथे दिवे. गाजर गवत फुलं येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा, फुललेलं उपटलं तर बी पसरतं. जिवंत झाडं मोजून प्रत्येकाला आळं करा. रंगरंगोटी आणि नवी खेळणी यानंतर. नवी रोपं पुढच्या जूनमध्ये, तोवर मे महिन्यात खड्डे घेऊन ठेवा.